डावीकडे एक बोट कमी

मी एक जुनी गाडी बोलतेय. जन्म एकोणीसशे सत्तरचा, गाव हॅमट्रॅमिक, राज्य मिशिगन. रंग पोपटी, लांबूनही डोळ्यात जाईल असा.

माझ्या जातीच्या गाड्यांना 'मसल कार' म्हणतात, म्हणजे पैलवान गाड्या. बेताच्या अंगात राक्षसी इंजिन बसवलेल्या. पैलवानाने आत्मवृत्त सांगताना छातीबद्दल बोलावं, दंडाबद्दल बोलावं. मलाही माझ्या इंजिनाबद्दल बोलायला आवडलं असतं. पण खरं सांगायचं तर पन्नास वर्षांत माझ्या इंजिनाची जेवढी चर्चा झाली नाही, तेवढी माझ्या बुडाची झाली. ते वर हवं की खाली, वर तर किती वर, आणि खाली तर रस्त्याला घासेपर्यंत की त्याआधी थांबायचं, याबद्दल प्रत्येक मालकाचं ठाम मत होतं. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी सांगण्यासारखं माझं काही मत नव्हतं. ठेवतील तशी मी उभी राहत आले.

माझा जन्म मंगळवारचा. साधा मंगळवार नव्हे, ईस्टरआधीच्या उपासाचा चाळिसा सुरू होण्याच्या आदल्या दिवसाचा. हॅमट्रॅमिकमधली पोलिश माणसं त्या दिवशी पुंचकी खातात. पुंचकी म्हणजे तुपकट पिठाचे तळलेले गोळे, आत आलुबुखाऱ्याचा मुरंबा. पुढचे चाळीस दिवस गोडधोड नाही, म्हणून त्या एका दिवशी जेवढे पोटात जातील तेवढे. कारखान्यातही त्या दिवशी डबे फिरत. पट्ट्यावरून गाड्या एका दिशेने सरकत आणि पुंचकीचे डबे दुसऱ्या दिशेने.

माझे मागचे पाटे बसवायचं काम काझिमीर वॉयतास याच्याकडे होतं. सगळे त्याला काझ म्हणत. चोवीस वर्षांचा, सुतळीसारखा बारीक, कामाला चपळ. पाटे म्हणजे लोखंडी पट्ट्यांची चळत. मागच्या दोन चाकांवर एकेक असतो आणि गाडीचं बूड त्यावर तोललेलं असतं. मोठ्या इंजिनाच्या गाडीला जाड पाटे, लहान इंजिनाच्या गाडीला हलके. हलक्या पाट्यावर बूड जरा खाली बसतं. प्रत्येक गाडीबरोबर एक कागद येई, त्यावर कोणते पाटे ते लिहिलेलं असे. काझने ते घोडीवरून, म्हणजे पाटे रचायच्या मांडणीवरून उचलायचे, बसवायचे आणि खडूने खूण करायची.

माझ्या वेळी काझच्या तोंडात तिसरी पुंचकी होती. उजवा पाटा त्याने बरोबर बसवला. डाव्यासाठी हात मागे गेला तो शेजारच्या घोडीवर. हलका पाटा हातात आला, तो त्याने बसवला, मुरंब्याच्या बोटांनी खूण केली आणि मी पुढे सरकले. पुढे तपासनीस उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पास केलं. त्याच्याही हातात पुंचकी होती.

अशी मी या जगात आले. डावीकडे एक बोट कमी.

चार गाड्यांनंतर काझला घोडीवर एक जाड डावा पाटा जास्तीचा दिसला. त्याच्या तोंडची चव गेली. भोंगा झाल्यावर तो बाहेरच्या मैदानात मला शोधायला आला. बर्फात शेकडो गाड्या सरळ उभ्या होत्या. मी एकटी खांदा पाडून उभी होते, वर्गात उशिरा आलेल्या मुलीसारखी. त्याने माझा नंबर हाताच्या तळव्यावर लिहून घेतला.

इथे तुम्ही म्हणाल, त्यात एवढं काय? वरिष्ठांना सांगायचं, पाटा बदलून घ्यायचा. पण काझचा बाप इग्नाक त्याच कारखान्यात तीस वर्षं होता. त्याचं एक वाक्य सगळ्या गल्लीला पाठ होतं. ‘वॉयतासांचं काम परत येत नाही.’ लग्नात, बारशाला, कोणाच्या अंत्ययात्रेनंतरच्या जेवणातसुद्धा तो हे म्हणायचा. पाट्यांच्या कोठाराचा प्रमुख इग्नाकबरोबर दर शुक्रवारी पत्ते खेळायचा. काझने तिथे पाटा मागितला असता तर शनिवारी सकाळी ते गावभर झालं असतं.

म्हणून काझने मलाच विकत घेतलं. लोकांना सांगितलं, रंग फार आवडला. पोपटी रंग त्याला सहन होत नसे. माझ्यावर असं प्रेम बसलं, लाजेपोटी. पुष्कळ गाड्यांवर तेवढंही बसत नाही.

ईस्टरच्या आदल्या शनिवारी त्याने मला दुकानातून घेतलं आणि तडक डॉलोरेसकडे नेलं. त्या शरद ऋतूत त्यांचं लग्न व्हायचं होतं. डॉलोरेस अंड्यांची परडी घेऊन आली. त्या दिवशी चर्चमध्ये परडी नेऊन तिच्यावर मंत्राचं पाणी शिंपडून घ्यायचं असतं. तिने परडी दोघांच्या मध्ये सीटवर ठेवली. चर्च पाचच मिनिटांवर होतं. पोचेपर्यंत सगळी रंगवलेली अंडी परडीच्या डाव्या बाजूला, काझच्या मांडीशी गोळा झाली होती. डॉलोरेसने ती सारखी केली आणि काही बोलली नाही. काझला वाटलं, तिच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ईस्टरचं जेवण इग्नाककडे होतं. म्हातारा माझ्याभोवती फेरी मारणार हे उघड होतं. काझकडे एकच संध्याकाळ होती. पाट्याचं मागचं टोक एका लोखंडी पट्टीला लटकलेलं असतं, तिला शॅकल म्हणतात. ती जेवढी लांब, तेवढं बूड वर. काझने गल्लीतल्या लोहाराच्या भट्टीवर दोन लांबलचक शॅकल कापल्या. डावी एक बोट जास्त लांब. डावीउजवीकडचा फरक त्याने असा मिटवला. पण नुसता फरक मिटवला असता तर बापाने वाकून पाहिलं असतं, की ही पट्टी वेगळी का. म्हणून दोन्ही इतक्या लांब केल्या की पाहणाऱ्याने वाकूच नये, लांबूनच कपाळाला हात लावावा.

इग्नाकने तेच केलं. तो पायरीवर उभा राहिला आणि म्हणाला, “तीस वर्षं मी गाड्या सरळ पाठवतोय. आणि माझा पोरगा त्यांना दाणे टिपणाऱ्या कोंबडीसारखं उभं करतो.”

“आजकाल असंच असतं बाबा,” काझ म्हणाला. त्याच्या आवाजात इतका आनंद होता की म्हातारा आणखी चिडला.

बूड वर काढून उभं राहायची पद्धत म्हणे तेव्हा इतरत्रही निघाली होती. असेल. आमच्या गल्लीत मात्र ती माझ्यापासून सुरू झाली. उन्हाळा संपेपर्यंत अर्ध्या गल्लीतल्या गाड्या नाक खाली आणि शेपूट वर करून उभ्या होत्या. पोरं काझला माप विचारायला येत. तो गंभीरपणे सांगायचा. एकाने दोन्ही पट्ट्या सारख्याच करायच्या ना, असं विचारलं तेव्हा काझ त्याच्याकडे संशयाने पाहत राहिला. तो बिचारा सहज विचारत होता. एका माणसाची चूक लपवायची धडपड, तिची फॅशन झाली आणि मी त्या फॅशनची महाराणी. मला तेव्हा याचा अभिमान वाटायचा. आता सांगताना बॉनेट उघडून तोंड लपवावंसं वाटतं.

कारण त्या अवस्थेत जगणं फार अवघड होतं. माझे दिवे समोरच्या रस्त्याकडे न पाहता स्वतःच्याच पायांकडे पाहत. ब्रेक लावला की मागची चाकं आपली आपण कुठेतरी जायला निघत. मागच्या सीटवर ठेवलेली प्रत्येक वस्तू पुढे येई. पिशवी, कुत्रा, एकदा तर इग्नाकची बहीण. डॉलोरेस लग्नानंतर दोन्ही पाय समोर रोवून बसायला शिकली. पहिल्या बाळंतपणाच्या वेळी ती तशीच बसून दवाखान्यात गेली आणि उतरताना म्हणाली, “काझ्यू, मूल घसरून आधीच बाहेर आलं असतं.”

काझने शॅकल काढल्या नाहीत. बाप जिवंत होता.

कारखाना बंद पडायच्या वर्षी काझची नोकरी गेली आणि त्याने मला ओहायोतल्या ड्वेन नावाच्या माणसाला देऊन टाकलं. बाप त्याआधीच गेला होता. ड्वेन म्हणाला, मागचं सगळं कापून टाकणार आहे. काझने विचारलं, पाटे पण? ड्वेन म्हणाला, पाटे पहिल्यांदा. तेव्हा काझने माझ्या टपावर थाप मारली. त्या थापेत दुःख होतं, पण सुटकाही होती. पुरावा भंगारात निघाला होता.

ड्वेनने माझी मागची सीट काढली आणि तिथे दोन चाकं बसवली, एवढी रुंद की त्यांच्यावर दोन माणसं जेवायला बसली असती. पुढची मात्र सायकलची वाटावीत अशी. इंजिनावर हवा भरायचा एक मोठा डबा आला आणि तो बॉनेट फाडून बाहेर निघाला, त्यामुळे ड्वेनला समोरचं दिसेना. तो खिडकीतून मान बाहेर काढून चालवायचा. माझ्या पोपटी अंगावर त्याने गुलाबी आणि फिकट निळी वेडीवाकडी रेघ काढून घेतली, हृदयाच्या तपासणीच्या कागदावर असते तशी. ती रेघ पाहून माझी तब्येत काही बरी वाटत नसे. जत्रांमध्ये मला बक्षिसं मिळाली. मी वर्षातून चाळीस मैल चालायचे, त्यातले निम्मे ढकलत.

मग मी एका दाताच्या डॉक्टरकडे गेले, डॉक्टर प्रेस्कॉट. तोवर वारं फिरलं होतं. आता बूड वर म्हणजे गावंढळपणा. आता जमिनीला टेकायचं. डॉक्टरने पाट्यांच्या जागी हवेच्या पिशव्या बसवल्या. एक बटण दाबलं की मी बसायचे, दुसरं दाबलं की उठायचे. शाळेच्या कवायतीत असतं तसं, फक्त शिट्टी नव्हती, पिशव्यांतून हवा सुटल्याचा आवाज यायचा. चारचौघांत त्या आवाजाने मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पायात भली मोठी चकचकीत चाकं आणि त्यांच्यावर नावापुरतं रबर. पैलवानाला उंच टाचांच्या चपला घालाव्यात तसं. एका रविवारी डॉक्टरच्या मुलीच्या लग्नात चर्चच्या फाटकापाशी एक पिशवी फुटली आणि मी चढावर पोट टेकून आडवी बसले. नवरीला मला ओलांडून जावं लागलं. तिने झगा उचलला, एक पाय माझ्या बॉनेटवर ठेवला आणि बापाकडे पाहिलं. पुढच्या महिन्यात मी विक्रीला होते.

अशी मी लायल हॅवरकॅम्पकडे आले.

लायल मिशिगनमधल्याच झीलंड गावचा. धंदा पियानो सुरात लावायचा, वय पन्नासच्या आसपास, बोलणं मोजकं. त्याने मला पाहिलं आणि म्हणाला, “तू जशी कारखान्यातून बाहेर पडलीस तशीच तुला उभी करणार.” एवढंच त्याचं व्रत होतं. त्यासाठी त्याने सहा वर्षं घातली.

लायलसारखी माणसं वेगळीच असतात. माझा जन्मकागद त्याला उरलेल्या एकुलत्या एका सीटच्या गादीत सापडला. त्या दिवशी त्याने जेवण केलं नाही. कागदात लिहिलेली प्रत्येक वस्तू त्याने शोधून आणली. कारखान्यात घाईघाईत रंग मारताना जिथे ओघळ यायचे, तिथे त्याने ओघळ आणले. त्यासाठी तीनदा रंग खरवडला, कारण ओघळ फार नीटनेटका येत होता. एवढ्या काळजीने केलेला निष्काळजीपणा मी कुठे पाहिला नाही. कामगारांच्या खडूच्या खुणा जुन्या फोटोंवरून गिरवायचा त्याने सराव केला. आणि माझी उंची. टाकीत किती पेट्रोल असताना मोजायची, चाकांत किती हवा, हे सगळं पुस्तकात पाहून त्याने मला पट्टीने मोजलं. डावीउजवीकडे केसाचा फरक नव्हता. मी आयुष्यात पहिल्यांदा सरळ उभी राहिले. मला जरा घेरी आल्यासारखं झालं.

लायलच्या मंडळींचा दर सप्टेंबरला एक मेळावा भरतो. तिथे परीक्षक पट्ट्या आणि आरसे घेऊन येतात आणि गाडी कारखान्यातून निघाली तशीच आहे का ते पाहतात. तिथला पहिला क्रमांक हे लायलचं स्वप्न होतं. आणि माझ्या जुन्या कागदपत्रांत त्याला पहिल्या मालकाचं नाव मिळालं. चौकशी केल्यावर कळलं की तो हयात आहे, त्याच घरात राहतो, आणि एवढंच नाही, तर त्या कारखान्यात मागचे पाटे बसवायचा. लायलने त्याच रात्री एक पत्र टाइप केलं. ज्याच्या हातून गाडी घडली त्याच्याच सहीचं पत्र. असं पत्र त्या मेळाव्यात कोणाकडेच नव्हतं.

जुलैमधल्या एका शनिवारी तो मला ट्रेलरवर घालून हॅमट्रॅमिकला घेऊन गेला. मला चालवायचं तर त्याच्या मनातही येत नसे. काझ पायऱ्या उतरून आला. त्र्याहत्तर वर्षांचा, सुतळीचा आता चांगला दोर झालेला. तो माझ्याभोवती फिरला. पोपटी रंग पाहून त्याने तोंड वाकडं केलं आणि मग डोळे पुसले. डॉलोरेस बाहेर येऊन मला पाहून गेली. म्हणाली, “बरी दिसते. आता पाय न रोवता बसता येईल.” आणि बटाटे उकळत होते म्हणून आत गेली.

लायलने माझ्या डिकीवर टॉवेल अंथरला, त्यावर पत्र ठेवलं आणि काझला पेन दिलं. पत्रात टाइप केलं होतं, की मी, काझिमीर वॉयतास, या गाडीचे मागचे पाटे स्वतःच्या हाताने बसवले, आणि ती कारखान्यातून बाहेर पडताना जशी उभी होती तशीच आज उभी आहे.

काझने पत्र उचलून डोळ्यांजवळ धरलं.

“चष्मा आणू का तुमचा?” लायलने विचारलं.

“वाचता येतंय मला. तीच तर पंचाईत आहे.” त्याने पेन टॉवेलवर ठेवलं. “ती अशी उभी नव्हती.”

“कशी होती?”

“डावीकडे एक बोट कमी.”

लायल म्हणाला, पुस्तकात तर दोन्हीकडे सारखं माप आहे. काझ म्हणाला, पुस्तक त्या दिवशी पट्ट्यावर नव्हतं, मी होतो, आणि माझ्या तोंडात पुंचकी होती. मग त्याने सगळं सांगितलं. घोडी, मुरंबा, तळव्यावरचा नंबर, बाप. इतकी वर्षं आत ठेवलेलं सगळं त्याने चार मिनिटांत सांगितलं, माझ्या डिकीला टेकून. टेकू नका, असं लायल म्हणाला नाही. यावरून त्याची अवस्था लक्षात घ्या.

“आणि तुम्ही मला पाठवलेल्या तुमच्या लग्नाच्या फोटोत त्या लांब शॅकल दिसतात त्या?”

“लपवायला.”

“गल्लीतल्या बाकीच्या गाड्यांना पण आहेत त्या फोटोत.”

“त्यांना आवडलं.”

लायल ट्रेलरच्या कडेवर बसला. “म्हणजे मी सहा वर्षं तिला चुकीची उभी करत होतो.”

“बरोबर उभी करत होतास रे बाबा. चुकीची मी केली होती.”

“तेच म्हणतोय मी.”

आतून भांड्यांचा आवाज आला. काझने घराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. त्याने सांगितलं, की डॉलोरेसला यातलं काही माहीत नाही. बाप गेल्यावर ते वाक्य त्याच्याकडे आलं होतं. पोरांच्या वहीत गणित चुकलं तरी तो म्हणायचा, वॉयतासांचं काम परत येत नाही. डॉलोरेसच्या केकचा मधला भाग बसला तरी म्हणायचा. बाप गेल्यापासून तो त्या घरात हे म्हणत आला होता.

लायल चांगला माणूस आहे. तो म्हणाला, मग पत्र राहू दे, मी गाडी आहे तशी घेऊन जातो, पुस्तकाप्रमाणे ती बरोबरच आहे, पहिला क्रमांक मिळेल आणि कोणाला काही कळणार नाही. हे बोलताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, कारण आता त्याला स्वतःला कळलं होतं.

काझ उठला. माझ्या मागे जाऊन गुडघ्यांवर हात ठेवून वाकला आणि डाव्या पाट्याकडे पाहत राहिला. तिथे लायलने जुन्या फोटोवरून काढलेली गोल खूण होती.

“ही खूण दुसऱ्या पाळीच्या माणसाची आहे,” तो म्हणाला. “पत्र काचेवर लावतात का?”

“लावतात.”

“सगळे वाचतात?”

“सगळे.”

काझने टाइप केलेला कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर स्वतःच्या हाताने लिहिलं. लिहायला वेळ लागला, कारण मध्ये दोनदा त्याने घराकडे पाहिलं. शेवटी सही करून त्याने कागद लायलच्या हातात दिला आणि म्हणाला, “सप्टेंबरला आम्ही दोघंही येऊ. तिला तिथेच वाचू दे. घरी सांगायची माझी हिंमत नाही.”

लायलने दीड महिना तो हलका पाटा शोधला. इंडियानातल्या एका भंगारवाल्याकडे, झाडाखाली पडलेल्या एका लहान इंजिनाच्या गाडीखाली तो मिळाला. त्याने माझा बरोबर असलेला पाटा काढला आणि चुकीचा बसवला. मग पट्टीने मोजलं. एक बोट कमी. त्या दिवशीही तो जेवला नाही.

मेळाव्याच्या सकाळी लायलने काझच्या हातात खडू दिला. काझला गवतावर आडवं करून माझ्याखाली सरकवायला लायल आणि डॉलोरेस असे दोघे लागले. डॉलोरेसने त्याचे पाय धरले होते. हे सगळं कशासाठी, हे तिने विचारलं नाही. काझने दोन्ही पाट्यांवर आपली खूण केली, दोन रेघा आणि एक शेपूट. या वेळी बोटांना मुरंबा नव्हता.

मग डॉलोरेस उभी राहिली, चष्मा लावला आणि माझ्या काचेवरचं पत्र वाचू लागली. त्यात एवढंच होतं:

‘१० फेब्रुवारी १९७०. या गाडीचा डावा पाटा मी चुकीचा बसवला. कागद बरोबर होता, तपासनिसाचा दोष नाही. तोंड भरलेलं होतं. हे काम माझं आहे आणि ते परत आलं आहे. का. वॉयतास.’

काझ गवतावर बसून तिच्याकडे बघत होता. तिने चष्मा काढला, पुसला, पर्समध्ये ठेवला आणि म्हणाली, “ऊन लागेल तुला. गाडीत बस.”

तेवढ्यात परीक्षक आला. तो माझ्या ओघळांवर खूश झाला, खुणांवर खूश झाला, मग मागे जाऊन पट्टी लावली. पुन्हा लावली. लायलने काचेकडे बोट केलं. परीक्षकाने पत्र वाचलं, टोपी काढली, परत घातली. म्हणाला, पत्र खरं आहे याबद्दल शंका नाही, पण माझ्या तक्त्यात यासाठी रकाना नाही. त्याने उंचीचे चार गुण कापले. आमचा दुसरा क्रमांक आला. पहिला आला त्या गाडीचे मागचे दोन्ही पाटे गेल्याच वर्षी नवे बनवलेले होते. जाताना परीक्षक काझकडे वळला आणि हळूच विचारलं, की पुढच्या तपासनिसाने पास कसं केलं. काझने सांगितलं. परीक्षक बराच वेळ हसत होता, पण गुण त्याने परत दिले नाहीत.

दुपारी दोघं माझ्यात बसली, काझ चाकाशी आणि डॉलोरेस शेजारी. तिने जेवणाचा डबा उघडला, झाकण उलटं करून मध्ये सीटवर ठेवलं आणि त्यात दोन उकडलेली अंडी ठेवली. अंडी हळूच डावीकडे गेली आणि काझच्या मांडीशी टेकली.

“आली मूळ जागेवर,” डॉलोरेस म्हणाली.

काझने अंड्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “तुला माहीत होतं?”

“शनिवारी अंडी तुझ्याकडे घसरली. मला वाटलं, शकुन आहे. रविवारी ती पुढे घसरायला लागली. मग मागून जाऊन पाहिलं, तर एक पट्टी लांब, एक आखूड. मी काय आंधळी होते?”

“एकोणपन्नास वर्षं बोलली नाहीस?”

“तू इतक्या मेहनतीने लपवत होतास,” ती म्हणाली, आणि अंड्याचं कवच काढू लागली.

काझने एक अंडं उचललं, सोललं आणि त्यावर मीठ घालायला विसरून खाल्लं. लायल बाहेर उभा होता. माझ्या सीटवर कवचाचे तुकडे पडत होते, ते त्याने पाहिले आणि तोंड दुसरीकडे वळवलं.

आता मी झीलंडला लायलच्या गॅरेजमध्ये असते. उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात उबदार ठेवतात मला. पत्र अजून काचेवर आहे. बघायला येणारी मंडळी मागे जाऊन एक डोळा मिटतात आणि म्हणतात, ही जरा कललीय. लायल म्हणतो, हो. पुढे काही सांगत नाही. चाळिशाच्या आदल्या मंगळवारी वॉयतास दांपत्य पुंचकीचा डबा घेऊन येतं. काझ दोनच खातो. तिसरी लायलला देतो.

मी कोंबडीसारखी उभी राहिले, रस्त्याला पोट लावून बसले, उंच टाचांवर चालले. प्रत्येक वेळी लोक म्हणाले, आता शोभतेस. मीही दर वेळी मनापासून खरं मानलं, एवढी मी भोळी. यापुढे मी ज्या कोणाच्या हातात जाईन, त्याला माझी एवढीच विनंती आहे. रंग हवा तर बदला, पोपटी मलाही फारसा आवडत नाही. पण मागे पट्टी लावून पाहाल आणि डावीकडे एक बोट कमी भरेल, तेव्हा हातातला पाना खाली ठेवा आणि आधी काचेवरचं पत्र वाचा.